बाबांची एफडी, नऊ लाखांचं पॅकेज आणि तुझी आठ गाणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोपरखैरणेला राहणारी 25 वर्षांची मुलगी. दीड वर्षापूर्वी टीव्हीवरच्या एका मराठी गाण्याच्या शोमध्ये शेवटच्या सहा जणांत पोचली होती. तिथे तिची ओळख झाली लावणीमुळे, आणि आजही गणपती, हळदी, कंपन्यांचे फंक्शन अशा कार्यक्रमांना तिला लावणीसाठीच बोलावतात. मनातून तिला करायचंय मराठी पॉप रॉक. कॉलेजपासूनचा चार जणांचा बँड आहे, स्वतःची आठ गाणी तयार आहेत. आता एका म्युझिक कंपनीने तिला पहिल्या अल्बमचं पॅकेज दिलंय. 9 लाख तिने भरायचे, आठ गाणी, दोन व्हिडिओ, प्रमोशन. बँड नको, स्टुडिओचे लोक वाजवतील, कव्हरवर फक्त तिचा फोटो. गाण्यांचे सगळे हक्क कायमचे कंपनीकडे, शिवाय पुढची 5 वर्षं लाइव्ह कार्यक्रमांच्या मानधनातले 40 टक्के. वडील मागच्या वर्षी तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या नोकरीतून रिटायर झाले, ते एफडी मोडायला तयार आहेत. आई काहीच बोलत नाहीये. दिवाळीच्या आत सही करा असं कंपनीचं म्हणणं. ती विचारते, "ताई, आत्ता नाही केलं तर लोक मला विसरून जातील. काय करू?"

अगं, आधी तू विचारलंच नाहीस त्याबद्दल बोलते. पत्रासोबत तू फोनवर रेकॉर्ड केलेलं एक गाणं पाठवलंयस, ते मी तीनदा ऐकलं. दुसऱ्या कडव्यात मागे कुकरची शिट्टी होते आणि तू न थांबता पुढची ओळ तिच्यावरच उचलतेस, गिटारवाल्या मुलाचा ठोका मात्र चुकतो आणि तो हसतो, ते हसणंही रेकॉर्ड झालंय. रात्रीच्या गाडीला ऐरोलीला चढलेली, ऑफिसचं आयकार्ड गळ्यातच राहून गेलेली मुलगी आहे त्या गाण्यात, सगळा डबा रिकामा असून दारात उभी राहते. मला ती दिसली. मी ठाण्याला राहते, ट्रान्सहार्बर लोकलने आयुष्यात शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दारातल्या वाऱ्यावर मराठीत कुणी गाणं केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

हे आधी सांगायचं कारण असं की तुझं पत्र मी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की तू कंपनीबद्दल पाच पानं लिहिलीयस, ऑफिस कसं होतं, भिंतीवर कुणाचे फोटो होते, तो माणूस काय काय म्हणाला, आणि स्वतःच्या आठ गाण्यांबद्दल मोजून दोन ओळी. ज्या गोष्टीसाठी 9 लाख लागणार आहेत तिच्याबद्दल दोन ओळी. मला वाटतं गाण्यांबद्दल तुला आत्ता कुणी काही विचारतच नाहीये, म्हणून तूसुद्धा बोलायची थांबलीयस.

आता "लोक विसरतील" या वाक्याकडे येते, कारण सगळं पत्र त्याच्यावर उभं आहे. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. शो चालू असताना स्टेशनवर सेल्फी मागायचे आणि आता सहा महिन्यांत कुणी ओळखलं नाही, हे तू लिहिलंयस, ते वाचून मला वाईट वाटलं, खरंच. पण जरा मागे जाऊन बघ. अभिजीत सावंत 2005 मध्ये पहिला इंडियन आयडल झाला आणि त्याच वर्षी त्याचा पहिला अल्बम आला. तेव्हा कॅसेट आणि सीडीचे दिवस होते, गाणी लोकांच्या घरात जायला अल्बम हाच रस्ता होता आणि त्याच्यामागे मोठी कंपनी स्वतःचे पैसे घेऊन उभी होती. पुढे किती वर्षं तो टीव्हीवर रोज दिसत नव्हता, आणि 2024 मध्ये बिग बॉस मराठीत आला तर दुसरा आला! एकोणीस वर्षांनी. रोहित राऊतचं बघ, लिटिल चॅम्प्समध्ये शाळकरी मुलगा होता, 2009 च्या सुमाराला, आणि दहा वर्षांनी इंडियन आयडलमध्ये जाऊन 2020 च्या फायनलला उपविजेता झाला. अरिजीत सिंग 2005 मध्ये फेम गुरुकुल या टीव्हीवरच्या गाण्याच्या शोमध्ये होता, जिंकला नाही, नंतर किती वर्षं दुसऱ्या संगीतकारांच्या हाताखाली म्युझिक प्रोग्रॅमिंग करत होता. तुझं असंच होईल असा शब्द मी देत नाहीये, कुणीच देऊ शकत नाही. पण दिवाळीच्या आत नाही तर कधीच नाही, ही तारीख तुझ्या आयुष्यातून आलेली नाही, ती त्या कंपनीच्या माणसाने घातलीय. त्याला तुझ्या गाण्यांबद्दल फार माहिती नसेल पण तुझ्या भीतीबद्दल पूर्ण माहिती आहे, आणि 9 लाख तो तिच्यावरच मागतोय.

दुसरं एक तू गृहीत धरलंयस, की ज्यांनी तुला मतं दिली तेच हा अल्बम ऐकतील. तूच लिहिलंयस की इन्स्टावर 68 हजार लोक आहेत, लावणीच्या रीलला दीड लाख व्ह्यू जातात आणि स्वतःच्या गाण्याचा तुकडा टाकला तेव्हा नऊशे, वर कमेंट की "ताई लावणी गा ना". ती कमेंट तुला लागलीय, लपवू नकोस. पण त्या बाईचं काय चुकलं सांग बरं? तिला तू नऊवारीतलीच माहितीय. शोमध्ये गाणं कोण निवडतं, मेंटॉर आणि क्रिएटिव्हची टीम. पट्टी ते ठरवतात, पुरं गाणं कापून दोन मिनिटांचं ते करतात, मागे वीस-पंचवीस जण वाजवणारे त्यांचे, साडी त्यांची, आणि तुझ्यावर राहतं ते फक्त गाणं, म्हणजे जे तुला उत्तम येतं. अल्बमला नेमकं उलटं आहे. तिथे गाणं तू निवडायचं, कुठलं टाकायचं नाही ते ठरवायचं, गिटार किती डिस्टॉर्ट, म्हणजे मुद्दाम खरखरीत, करायची, ड्रम खरे की प्रोग्रॅम केलेले, पहिलं गाणं कुठलं, शेवटचं कुठलं. तू टीव्हीवर होतीस आणि टीव्हीमुळे ओळखली गेलीस, पण हे ठरवायचं काम तू अजून एकदाही केलेलं नाहीस. यात कमीपणा काही नाही, पण त्या कामात तू नवीन आहेस, आणि नव्या माणसाने पहिल्याच खेपेला बाबांच्या 9 लाखांवर शिकू नये इतकंच म्हणते.

आणि आवाजाचंही आहे. तू गाणं शिकलेली आहेस, तुझ्या आईच्या भजनी मंडळापासून ते गुरूंकडच्या यमनपर्यंत, तुझ्या गळ्यात हरकती आपोआप येतात. लावणीत ते सोनं आहे. पॉप रॉकमध्ये एक सुर सरळ, न हलवता, चार मात्रा धरून ठेवायला लागतो, आणि डिस्टॉर्शनची गिटार बरोब्बर तिथेच वाजते जिथे बाईचा आवाज असतो, म्हणून पट्टी अर्ध्या सुराने चुकली तरी शब्द गिळले जातात. मराठीचे शब्दही इंग्रजीसारखे वागत नाहीत, आपल्याकडे "गेलं, आलं, झालं" यांवर ओळ संपते आणि तो शेवटचा "अं" लांबवला की कीर्तन वाटायला लागतं. तू फोनवरच्या गाण्यात यातलं अर्धं सोडवलंयस, "दार" या शब्दावर ओळ संपवून तो आ उघडा ठेवलायस, मला तिथे काटा आला. पण हे तुला कळलं ते त्या तीन मुलांबरोबर सानपाड्याच्या त्या खोलीत तीन वर्षं वाजवून कळलंय. स्टुडिओत पहिल्या दिवशी भेटणारा वादक, कितीही तयारीचा असला तरी, त्याला हे कुठून माहीत असणार. तो येईल, क्लिकवर, म्हणजे कानातल्या ठेक्याच्या टिकटिकीवर, वाजवेल, निघून जाईल, त्याचं काम तेच आहे.

एक घरातली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या दिराने 1999 मध्ये कॅसेट काढली होती. तेव्हा इंडीपॉपची, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांची, हवा होती, गल्लीगल्लीत मुलं केस वाढवून गिटार घेऊन बसायची, आणि हा पण खरंच चांगला गायचा. एक जण भेटला, तो म्हणाला पैसे तुम्ही भरा, बाकी आम्ही बघतो. सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. एक हजार कॅसेट छापून आल्या, उपवनला तलावाच्या काठावर डेनिमचं जॅकेट घालून काढलेला फोटो होता कव्हरवर. नौपाड्याच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर सातशेच्या वर राहिल्या, प्लास्टिकही न काढलेल्या. 2011 ला बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा ते खोके मीच खाली उतरवले. प्लास्टिक पिवळं पडलं होतं, कव्हरच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या, आणि तो फोटो मात्र तसाच, एकदम तरुण. दीर शेजारी उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, ही गाणी कॅसेट काढायच्या आधी मी फक्त आईला आणि त्या माणसाला ऐकवली होती." पाटल्यांबद्दल बोलेल असं मला वाटलं होतं, तो हे बोलला. आज तो चरईत मुलांना गिटार शिकवतो, समाधानी आहे, पण त्या वाक्याला इतकी वर्षं झाली तरी माझ्या डोक्यातून ते जात नाहीये, म्हणून तुला विचारते, तुझी आठ गाणी आजपर्यंत किती जणांनी समोर बसून ऐकलीयत? पूर्ण, आठही?

आता त्या कराराचं. मी वकील नाही आणि सही करायच्या आधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवायचाच, त्याच्या फीचा विचार करू नकोस, 9 लाखांपुढे ती काहीच नाही. पण काही गोष्टी तुला माहीत असायला हव्यात, आणि तुझ्यासारख्या इतर मुलामुलींनाही. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, 2012 मध्ये त्यात मोठे बदल झाले. गाणं तू लिहिलंयस आणि चाल तुझी आणि त्या गिटारवाल्याची, म्हणजे तुम्ही त्याचे मालक आहात. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं, कुठलं गाणं, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, पैसे किती, हे त्यात हवं. वर्षं लिहिली नसतील तर कायदा पाचच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तुझ्या कागदात "कायमचे" आणि "संपूर्ण जगभर" हे शब्द मुद्दाम घातलेत. आणि दुसरं, सगळे हक्क दिले असं लिहून दिलंस तरी गीतकार आणि संगीतकार म्हणून रॉयल्टीतला समान वाटा तुला सोडता येत नाही, तो तुझ्या वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे कलाकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो, तिसऱ्याला नाही. त्यासाठी आयपीआरएस म्हणून सोसायटी आहे, 1969 पासूनची, तिथे लेखक आणि संगीतकार म्हणून तुम्ही दोघं मेंबर व्हा, अल्बम येवो न येवो. गायकांसाठी अशीच सोसायटी 2013 मध्ये इस्रा नावाने झाली, आता तिचं नाव इसाम्रा आहे. हे दोन फॉर्म भरायला कुणाची सही मागायची गरज नाही. शोच्या वेळी चॅनलबरोबर जो करार केला होतास तोही शोधून काढ, त्यात किती काळ दुसरीकडे रेकॉर्ड करायचं नाही असं काही कलम असतं, ते संपलंय का बघ, नाहीतर नवीनच डोकेदुखी.

कंपन्या सगळ्या वाईट असतात असं माझं म्हणणं नाही बरं का. कंपनीला हक्क देणं, कमाईत वाटा देणं यात गैर काही नाही, पण ते कशाच्या बदल्यात? जी कंपनी स्वतःचे पैसे लावते ती धोका घेते, मग ती हक्क मागते, लाइव्हमधला हिस्सा मागते, ते एकवेळ समजू शकते मी. इथे पैसे तुझे, गाणी तुझी, चेहरा तुझा, लावणीच्या कार्यक्रमातून येणारं मानधनही तुझं आणि त्यातले 40 टक्के पाच वर्षं त्यांचे. म्हणजे हळदीला तू 25 हजार घेतलेस तर 10 हजार त्यांना, ज्या हळदीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्या माणसाला एक साधा प्रश्न विचार, "तुम्ही यात किती घालताय?" उत्तरात आकडा आला तर पुढे बोल. "आमचं नाव, आमचे कॉन्टॅक्ट" असं आलं तर चहा पिऊन निघ.

आणि तो जे विकतोय त्यातलं बरंचसं आता स्वतःला करता येतं. गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिकवर टाकायला वर्षाला ठराविक फी घेणारे डिस्ट्रिब्युटर आहेत, डिस्ट्रोकिडसारखे, ते हक्क मागत नाहीत. फक्त पैसे येतील ही आशा ठेवू नकोस, 2024 पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला वर्षात 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. आठ गाणी एका दिवशी टाकलीस तर लोक पहिली दोन ऐकतील आणि उरलेली सहा तशीच पडून राहतील. सहा चांगली गाणी वाया! माझा जीव तुटतो विचार करूनच.

बाबांबद्दल लिहायला मला जरा वेळ लागला. ते म्हणाले ना, "तुझ्या लग्नासाठीच ठेवलेत, त्यापेक्षा गाण्याला लागू देत." किती बाप असं म्हणतात गं. ते वाचून तुला वाटणारच की नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडेल. पण हिशोब कर, 9 लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला 63 हजार होतात, महिन्याला सव्वापाच हजार, म्हणजे रिटायर झालेल्या घरात किराणा आणि औषधं. उद्या अल्बम नाही चालला तर बाबा तुला एका शब्दाने बोलणार नाहीत, आणि तेच तुला सहन होणार नाही. तू प्रत्येक गाणं गाताना त्या एफडीकडे बघत गाशील. त्यांना नाही म्हणायचं नसेल तर वेगळं काहीतरी माग. ते तुर्भ्याला तीस वर्षं कंपनीत होते, परचेस खात्यात असं लिहिलंयस, मग त्यांना त्या पॅकेजचं कोटेशन फोडून द्यायला सांग, मिक्सिंगचे किती, मास्टरिंगचे किती, व्हिडिओचे किती, प्रमोशन म्हणजे नक्की काय आणि किती दिवस. आयुष्यभर त्यांनी व्हेंडरला घाम फोडलाय, हे काम तुझ्या-माझ्यापेक्षा ते छान करतील आणि त्यांना तुझ्या गाण्यात भाग घेतल्यासारखं पण वाटेल, जे मला वाटतं त्यांना मुळात हवंय.

आणि आई गप्प आहे म्हणजे आईला काही म्हणायचं नाहीये असं समजू नकोस. फोनवरच्या गाण्यात कुकर कुणाचा होता? ती स्वयंपाकघरात उभी राहून ते गाणं तुझ्याबरोबर कितीदा ऐकत असेल. बाबा घरी नसताना, भाजी निवडताना वगैरे, तिला विचार की आठांतली तुला कुठली दोन आवडतात. ऑफर सोड, फक्त गाणी विचार. भजनी मंडळात पंचवीस वर्षं लोकांसमोर गायलेली बाई आहे ती, कुठलं गाणं उचललं जातं आणि कुठलं नाही हे तिच्याइतकं घरात कुणाला कळत असेल?

आता बँडचा प्रश्न, जो तू शेवटच्या परिच्छेदात "ते समजून घेतील" एवढ्यावर संपवलायस. घेतील का? नेरूळच्या स्टेडियमला जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे शो झाले तेव्हा तिकीट मिळालं नाही म्हणून तुम्ही चौघं बाहेर हायवेच्या कडेला उभं राहून ऐकलंत, आणि ड्रमर ऐरोलीची नाइट शिफ्ट बुडवून आला होता, हे तूच लिहिलंयस आणि पत्रातला सगळ्यात सुंदर तुकडा तोच आहे. अमेरिकन आयडलमध्ये 2006 साली ख्रिस डॉट्री म्हणून एक जण चौथा आला होता. बाहेर पडल्यावर त्याला एका नावाजलेल्या रॉक बँडने गायक म्हणून बोलावलं, तो नाही म्हणाला आणि स्वतःचा बँड उभा केला, त्या पहिल्या अल्बमवर नाव बँडचं, नोव्हेंबर 2006 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या चार्टवर एक नंबरला गेला. त्याने घाई केली होती हे खरं, सहा महिन्यांत अल्बम. पण शोच्या आधी कितीतरी वर्षं तो छोट्या बँडमधून वाजवत होता, दिवसा गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला नोकरी करून, आणि पैसे रेकॉर्ड कंपनीचे होते. घाई परवडते ती अशा वेळी. तुझ्याकडे बँड आहे, गाणी आहेत, फक्त दुसऱ्याचे पैसे नाहीत, म्हणून वेळ घ्यायचा.

पण मैत्री आहे म्हणून सगळं तोंडी ठेवू नका. एका कागदावर चौघांनी लिहा, कुठलं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, पैसे आले तर कसे वाटायचे, बँडचं नाव कुणाचं, आणि ड्रमरला उद्या कंपनीने कॅनडाला पाठवलं तर काय. आज लिहायला वीस मिनिटं लागतील. नंतर वीस वर्षं लागतात, मी बघितलंय.

मी असते तर काय केलं असतं ते सांगते, पटलं तर घे. कार्यक्रमांतून साठवलेले तुझे स्वतःचे 2 लाख आहेत ना, त्यातले निम्मे बाजूला काढले असते, त्याच्या वर एक रुपया नाही. लावणीचे कार्यक्रम चालू ठेवले असते, आणि मनापासून, कमीपणा न मानता, कारण तीच लावणी या गाण्यांचं भाडं भरतेय आणि तीही तुझीच आहे. शंभर वेळा स्टेजवर उभं राहून लोकांना धरून ठेवायचं जे शिकलीस ते रॉकवाल्या कितीतरी मुलांना येत नाही. मग रेकॉर्डिंगच्या आधी आठही गाणी लोकांसमोर वाजवली असती. तुमच्या सोसायटीत कोजागिरी होत असेलच, मसाला दूध उकळेपर्यंत सेक्रेटरीकडून अर्धा तास मागून घे. ड्रम नेऊ नका, काहोन न्या, ती वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी, दहाच्या आत संपवा नाहीतर स्पीकर बंद करायला लागेल आणि लोकांचा मूड जाईल. समोर साठ माणसं असतील, काकू, लहान मुलं, क्रिकेट खेळून आलेली पोरं. लावणीची फर्माईश येईल, येऊ दे, शेवटी एक गा. पण त्याआधी चार स्वतःची. आणि बघत राहा कुठल्या गाण्याला माणसं मोबाइल खाली ठेवतात. नंतर कुणाचं कॉलेज फेस्टिव्हल, दिवाळी पहाटला तलावपाळीच्या बाजूला तरुण पोरांची जत्राच असते, तिथल्या एखाद्या मंडळाच्या स्टेजवर दोन गाण्यांची जागा माग, टीव्हीवरचं नाव तिथे उपयोगी पडतं, ते अशाच कामाला वापरावं.

चार-पाच वेळा वाजवल्यावर आठांतली दोन-तीन आपोआप पुढे येतील, आणि एखादं जे तुला सगळ्यात आवडतं ते पडेल, त्याचं वाईट वाटेल. जी पुढे आली त्यातली दोन रेकॉर्ड करा, बँड घेऊनच, ड्रम चांगल्या खोलीत, मिक्सिंगला मात्र रॉकचं काम केलेलाच माणूस शोधा, पैसे तिथे घाला आणि व्हिडिओवर कमी. पहिलं टाका, दीड-दोन महिन्यांनी दुसरं. लावणीच्या पेजवरच टाक, वेगळं पेज काढू नकोस, त्या 68 हजारांतले पाचशे जरी इकडे वळले तरी ती तुझी माणसं. वर्षभराने हातात चार गाणी आणि अशी काही माणसं असली की अल्बमचा विचार कर, आणि तेव्हा कुठलीही कंपनी आली तरी तू आत्ता बसलीस तशी खुर्चीच्या टोकाला बसणार नाहीस.

हे सगळं करूनही तुला वाटलं की नाही, मला ही ऑफर घ्यायचीच आहे, तर निदान एवढं माग: आठऐवजी दोन गाणी, हक्क कायमचे देण्याऐवजी पाच वर्षांचं लायसन्स, लाइव्हचं कलम पूर्ण बाहेर, आणि वाजवणार बँड. बाबांना बरोबर ने. दिवाळीच्या आतच सही हवी असं ते तरीही म्हणाले तर बाबा काय ते बोलतील.

आणि ते ऐरोलीचं गाणं स्टुडिओत करशील तेव्हा गिटारवाला जिथे हसतो ती जागा एकदा ऐकून मग ठरवा. कोजागिरीला कुठे, किती वाजता वाजवताय ते कळव, मी ठाण्याहून संध्याकाळची गाडी पकडून येते.